अफगाणिस्तानातलं छुपं युद्ध वाचायला घेताना: नव्या वाचकासाठी काही पायऱ्या

२०२१च्या ऑगस्टमध्ये काबूल पुन्हा तालिबानच्या हाती गेलं, तेव्हा अफगाणिस्तानवरची जाडजूड पुस्तकं अनेकांनी हौसेनं मागवली. सोव्हिएत फौजांविरुद्ध अमेरिकेनं पाकिस्तानच्या आडून दहा वर्षं जे छुपं युद्ध चालवलं, त्याचा इतिहास त्यात हमखास असतो. पण पहिल्या पन्नासेक पानांतच सीआयए, आयएसआय, केजीबी, खाद, पेशावरचे सात पक्ष आणि डझनभर कमांडर अंगावर येतात आणि वाचक खूण घालून पुस्तक मिटतो. हा लेख त्या वाचकासाठी आहे. इथं कुठल्या एका पुस्तकाची शिफारस नाही. कुठलंही हातात घ्या, ते वाचायचं कसं तेवढं सांगतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गुप्त कारवाईचा इतिहास बहुतेक वेळा ज्यांना बोलायचं असतं त्यांच्याच तोंडून आपल्यापर्यंत येतो. त्यामुळे माणसांच्या मागे लागण्याआधी पैशाच्या आणि बंदुकांच्या मागे लागावं. माल कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेला हे नीट कळलं, की कोण खरं बोलतंय आणि कोण स्वतःची आरती ओवाळून घेतंय, हे बरंचसं आपोआप दिसायला लागतं.

पायरी १: कोणतं युद्ध, ते आधी ठरवा

'अफगाणिस्तानचं युद्ध' असं एक काही नाही. किमान तीन आहेत. सोव्हिएत फौजा होत्या ते १९७९ ते १९८९चं. त्या गेल्यानंतरचं यादवीचं, ज्यात १९९२च्या एप्रिलमध्ये सोव्हिएत पाठिंब्यावर उभं असलेलं नजीबुल्लांचं सरकार पडलं आणि १९९६च्या सप्टेंबरमध्ये तालिबान काबूलमध्ये शिरले. आणि २००१ ते २०२१चं अमेरिकेचं. माणसं तीच, गावं तीच, पण बाजू बदलत जातात. पहिल्या युद्धात अमेरिकेचा पैसा घेणारे बंडखोर कमांडर जलालुद्दीन हक्कानी तिसऱ्या युद्धात अमेरिकेचे शत्रू झाले. तारीख न पाहता नाव वाचलं तर गोंधळ ठरलेलाच.

पहिल्या युद्धासाठी पाच तारखा पुस्तकाच्या खुणेवर लिहून ठेवा. २७ एप्रिल १९७८: काबूलमध्ये साम्यवादी अधिकाऱ्यांचा उठाव, अध्यक्ष दाऊद दुसऱ्या पहाटे मारले गेले. २७ डिसेंबर १९७९: ताजबेग राजवाड्यावर सोव्हिएत हल्ला, अध्यक्ष हाफिजुल्ला अमीन ठार. मार्च १९८५: रेगन यांनी गुप्त मदतीचा आवाका वाढवणाऱ्या आदेशावर सही केली. १४ एप्रिल १९८८: जिनिव्हा करार. १५ फेब्रुवारी १९८९: जनरल बोरिस ग्रोमोव्ह आमू दर्यावरचा पूल ओलांडून परत गेले. पुस्तकातली प्रत्येक घटना या पाचांपैकी कोणत्या दोहोंच्या मध्ये पडते, एवढं पाहत गेलात तरी अर्धी लढाई जिंकली.

पायरी २: नकाशा उघडा, पण काबूलपासून सुरुवात करू नका

कराचीपासून करा. परदेशातून बोटीनं येणारा माल या बंदरात उतरायचा, तिथून रेल्वेनं आणि लष्करी ट्रकांनी वर रावळपिंडीकडे जायचा. रावळपिंडी आणि इस्लामाबाद यांच्या मध्ये ओझरी नावाची छावणी होती. आयएसआयचं मुख्य कोठार तिथं. पुढे पेशावर आणि क्वेट्टा, मग सीमेवरच्या खिंडी. पाराचिनारचा भाग नकाशावर अफगाणिस्तानात चोचीसारखा घुसलेला दिसेल. काबूलच्या सर्वांत जवळ पोचणारी पाकिस्तानी जमीन तीच, म्हणून पुस्तकांत ते नाव सारखं येतं.

आता उत्तरेकडून या. सोव्हिएत रसद तिरमिझहून आमू दर्या ओलांडून हैरतानला, तिथून सालंगच्या बोगद्यातून काबूलला. हा बोगदा सोव्हिएत मदतीनंच १९६४ साली बांधला गेला, समुद्रसपाटीपासून साधारण ३,४०० मीटर उंचीवर. बोगद्याच्या दक्षिणेला, महामार्गाला खेटून, पंजशीर खोरं. बंडखोर कमांडर अहमद शाह मसूद यांचं नाव इतकं मोठं का झालं, याचं निम्मं उत्तर या भूगोलात आहे: सोव्हिएत फौजेच्या रसदीच्या रस्त्याशेजारीच त्यांचं घर होतं.

पायरी ३: मालाच्या मागे जा

ही पायरी घाईनं ओलांडू नका.

३ जुलै १९७९ला, म्हणजे सोव्हिएत फौजा शिरण्याच्या जवळजवळ सहा महिने आधी, अध्यक्ष कार्टर यांनी अफगाण बंडखोरांना गुप्त मदत द्यायला मंजुरी दिली. रक्कम दहा लाख डॉलरहूनही कमी, आणि त्यात शस्त्रं नव्हती. रोख पैसा, प्रचार, औषधं, असला मामला. डिसेंबरातल्या आक्रमणानंतर शस्त्रांना परवानगी मिळाली आणि १९८०च्या जानेवारीतच पहिला माल पाकिस्तानात पोचला. काय होतं त्यात? थ्री-नॉट-थ्री. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर अगदी अलीकडेपर्यंत दिसणारी तीच ली-एनफिल्ड रायफल. सीआयएनं या जुन्या रायफली ठिकठिकाणांहून गोळा केल्या आणि त्यात भारतातून आलेल्याही होत्या, असं या काळाच्या इतिहासात नोंदवलेलं आहे.

थ्री-नॉट-थ्रीच का, असं विचारलंत तर गुप्त कारवाईचं मर्मच हाती लागतं. अमेरिकेला नामानिराळं राहायचं होतं. एम-१६ रायफल सापडली असती तर हात वर करता आले नसते. म्हणून आधी जुन्या ब्रिटिश रायफली, मग चीनमध्ये आणि इजिप्तमध्ये तयार झालेली सोव्हिएत बनावटीची शस्त्रं: कलाश्निकोव्हच्या चिनी प्रती, १०७ मिलिमीटरचे चिनी रॉकेट. रशियन सैनिकाकडून हिसकावलेली बंदूक आणि सीआयएनं विकत घेऊन दिलेली बंदूक, दोन्ही दिसायला सारख्याच. चीन आणि सोव्हिएत संघ यांचं तेव्हा वितुष्ट होतं, त्यामुळे बीजिंगला हा धंदाही होता आणि सूडही. इजिप्तकडून आलेल्या मालाबद्दल मात्र पाकिस्तानी अधिकाऱ्यांच्या तक्रारी आहेत: गंजका, निकामी, कुणीतरी गोदाम साफ करून पाठवल्यासारखा.

पैशाची बाजू अशी. अमेरिका जितके डॉलर टाकेल तितकेच सौदी अरेबियाही टाकेल, असा करार होता. सौदी गुप्तचर खात्याचे प्रमुख राजपुत्र तुर्की अल-फैसल यांच्याकडे ती जबाबदारी. १९८०मध्ये अमेरिकेचा वाटा वर्षाला दोन-तीन कोटी डॉलर होता, तो १९८७मध्ये ६३ कोटींवर गेला. मालाचं वजनही पाहा. आयएसआयच्या अफगाण विभागाचे १९८३ ते १९८७ या काळातले प्रमुख ब्रिगेडियर मोहम्मद यूसुफ यांनी नंतर सांगितलेले आकडे: १९८३ साली सुमारे १० हजार टन, १९८७ साली ६५ हजार टन. हा आकडा देणारा माणूस स्वतः त्या कामाचा धनी आहे, हे कंसात लिहून ठेवा.

आता सगळ्यांत महत्त्वाचा सांधा. पैसे अमेरिकेचे आणि सौदीचे, पण कुठल्या गटाला किती बंदुका द्यायच्या हे ठरवत होती आयएसआय. पाकिस्तानचे लष्करशहा झिया-उल-हक यांनी ती अटच घातली होती. अमेरिकी अधिकाऱ्यांनी सीमा ओलांडायची नाही, थेट कमांडरांना माल द्यायचा नाही. सीआयएची माणसं इस्लामाबादेत बसून उंटावरून शेळ्या हाकत होती म्हणा ना. आयएसआयचे प्रमुख जनरल अख्तर अब्दुर रहमान यांना झियांची सूचना होती की अफगाणिस्तानातलं पाणी योग्य तापमानालाच उकळत राहिलं पाहिजे. म्हणजे सोव्हिएत संघाला चटके बसावेत, पण तो चिडून पाकिस्तानवर उलटू नये. पेशावरात तळ असलेल्या मुजाहिदांच्या, म्हणजे अफगाण बंडखोरांच्या, सात पक्षांत हे वाटप व्हायचं आणि त्यात गुलबुद्दीन हिकमतयार यांच्या हिज्ब-ए-इस्लामी पक्षाला झुकतं माप मिळायचं. पंजशीरच्या मसूद यांना त्या मानानं कमी, कारण ते ताजिक, स्वतंत्र वृत्तीचे, आणि १९८३मध्ये त्यांनी सोव्हिएत फौजेशी वर्षभराचा युद्धविराम केला होता, ते पाकिस्तानात अनेकांना रुचलं नव्हतं. मसूद यांच्याशी ब्रिटिश गुप्तहेर खात्यानं मग स्वतःचा वेगळा धागा जोडला.

दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली की नेम कुठं धरायचा हे तो दुसराच ठरवतो. वॉशिंग्टनमध्ये हे कळत नव्हतं असं नाही. त्यांनी ती किंमत गृहीत धरली होती.

म्हणून वाचताना एक कोरा कागद आडवा धरा आणि डावीकडून उजवीकडे लिहा: वॉशिंग्टन आणि रियाध, कराची, ओझरी, पेशावर, पक्ष, कमांडर. पुस्तकात नवं नाव आलं की ते या साखळीत कुठं बसतं ते पाहून तिथं टाका. टेक्सासचे खासदार चार्ली विल्सन? पहिल्या खणात, संरक्षण खर्च मंजूर करणाऱ्या उपसमितीत होते, पैसा वाढवून घेण्यात त्यांचा मोठा हात. सय्याफ, रब्बानी, खालिस? पक्षांच्या खणात. अब्दुल हक, इस्माईल खान? कमांडर. एखादं नाव कुठल्याच खणात बसेना, तर तो एक तर पत्रकार असतो नाही तर परस्पर अरबी पैसा घेऊन आलेला स्वयंसेवक. तो वेगळा रस्ता, पुढे येतोच.

पायरी ४: कचेरीची भाषा थोडी अंगवळणी पाडा

फार शब्द लागत नाहीत. 'फाइंडिंग' म्हणजे गुप्त कारवाईला अध्यक्षांची मंजुरी. १९७४च्या कायद्यानं अमेरिकेत हे बंधनकारक झालं. त्याआधी अशी मंजुरी कायद्यानं लागत नव्हती आणि म्हणून सगळ्यांनाच काखा वर करायची सोय. 'स्टेशन' म्हणजे परदेशातल्या दूतावासात बसलेलं सीआयएचं कार्यालय, 'स्टेशन चीफ' त्याचा प्रमुख. 'केबल' म्हणजे तिथून मुख्यालयाला गेलेला सांकेतिक संदेश. सोव्हिएत बाजूला 'पॉलिटब्यूरो' हे निर्णय घेणारं मंडळ, 'केजीबी' हेर खातं आणि 'खाद' हे केजीबीनं काबूलमध्ये उभं केलेलं अफगाण हेर खातं, ज्याचे प्रमुख १९८५पर्यंत नजीबुल्ला होते. एवढ्यावर काम भागतं.

पायरी ५: बखर कोणती, पत्र कोणतं, हे वेगळं काढा

मराठी वाचकाला ही पायरी शिकवावी लागू नये. पानिपतावर बखरीही आहेत आणि लढाईच्या धामधुमीत लिहिलेली पत्रंही. राजवाड्यांनी बखरींवर कोरडे ओढले आणि समकालीन कागद वर आणला, तो वाद आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. तोच चष्मा इथं लावा. निवृत्त स्टेशन चीफच्या आठवणी, आयएसआयच्या ब्रिगेडियरचं पुस्तक, मंत्र्याची मुलाखत: या बखरी. त्या दिवसाची केबल, बैठकीचं टिपण, फोनवरच्या संभाषणाची नोंद: ही पत्रं. बखर टाकून द्यायची नसते. पण पत्राशी जुळली नाही तर माघार बखरीनं घ्यायची.

तीन कागद जवळून पाहू.

पहिला, १८ मार्च १९७९चा फोन. हेरातमध्ये उठाव झालाय. अफगाण नेते तराकी सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांच्याकडे गयावया करताहेत. त्यांची सूचना अशी: तुमच्याकडचे ताजिक, उझबेक, तुर्कमेन सैनिक पाठवा, त्यांना अफगाण कपडे घाला, रणगाड्यांवर अफगाण खुणा रंगवा, कुणाला कळणारही नाही. कोसिगिन यांचं उत्तर साधारण असं की हे लपणार नाही, दोन तासांत जगाला कळेल. मग ते विचारतात, आमच्याकडे शिकून गेलेले तुमचे एवढे अधिकारी गेले कुठे? तराकींच्या मते त्यातले बहुतेक प्रतिगामी मुसलमान निघाले. पुढच्या दहा वर्षांचं सगळं अपयश त्या एका संभाषणात आहे: आधार नसलेलं सरकार, दुसऱ्याच्या सैन्यावर डोळा, आणि वेषांतर करून भागेल ही भाबडी आशा.

दुसरा, १२ डिसेंबर १९७९चा. पॉलिटब्यूरोचा फौजा घालण्याचा निर्णय. चेर्नेन्को यांनी हातानं लिहिलेला, जेमतेम पानभर. शीर्षक काय, तर 'अ'मधील परिस्थितीबाबत. अफगाणिस्तान हे नावच नाही. आक्रमण, फौज, रणगाडे, यातला एक शब्द नाही. केजीबीप्रमुख आंद्रोपोव्ह, संरक्षणमंत्री उस्तिनोव्ह आणि परराष्ट्रमंत्री ग्रोमिको यांनी मांडलेले 'विचार आणि उपाय' मान्य, बस. खाली आणि मजकुरावर आडव्या-तिडव्या सह्या. मार्चमध्ये फोनवर नकार देणारे कोसिगिन यांची सही त्यात नाही. दहा वर्षं आणि हजारो माणसं गिळणाऱ्या निर्णयाचा हा एवढाच कागद. बोटानं ओळीवर थांबून वाचावा असा तो आहे, आणि गुप्त निर्णय लिहिताना माणसं काय काय वगळतात ते त्यातून कळतं.

तिसरा कागद अमेरिकेचा. कार्टर यांचे सुरक्षा सल्लागार ब्रेझिन्स्की यांनी १९९८मध्ये एका फ्रेंच साप्ताहिकाला मुलाखत दिली, तिच्या छापील रूपात त्यांनी जुलै १९७९ची मदत म्हणजे रशियाला सापळ्यात ओढण्याची युक्ती होती असं सुचवलंय. जगभर हे वाक्य फिरतं. समाजमाध्यमांवर तर दर महिन्याला. आता त्यांनीच २६ डिसेंबर १९७९ला कार्टर यांना पाठवलेलं टिपण काढा. त्यात विजयाचा सूर नाही. अफगाणिस्तान म्हणजे रशियाचं व्हिएतनाम ठरेल अशी फार आशा धरू नका, बंडखोर विस्कळीत आहेत, त्यांच्यामागे संघटित सैन्य नाही, असं ते लिहितात. सापळा रचणाऱ्याची ही भाषा वाटते का? ब्रेझिन्स्की यांनी त्या मुलाखतीच्या छापील रूपाबद्दल पुढे हरकतही घेतली. माझ्या मते इथं पत्राचं पारडं जड आहे.

त्याच टिपणात आपल्या कामाचं एक वाक्य आहे. पाकिस्तानला हमी आणि शस्त्रं द्यावी लागतील, आणि दुर्दैवानं आपलं पाकिस्तानविषयक धोरण अणुप्रसारबंदीच्या धोरणाला बांधून ठेवता येणार नाही, या अर्थाचं. पाकिस्तानच्या अणुबॉम्बकडे काणाडोळा करायचं आक्रमणाच्या पहिल्याच दिवसांत लिहून ठेवलेलं होतं. कार्टर यांनी देऊ केलेले ४० कोटी डॉलर झिया यांनी 'शेंगदाणे' म्हणून धुडकावले. १९८१मध्ये रेगन सरकारनं ३२० कोटींचं सहा वर्षांचं गाठोडं दिलं आणि एफ-१६ विमानंही. भारतीय वाचकाला या युद्धाचा खरा चटका इथं आहे.

आणि हो, भारतीय बखरींनाही हाच नियम. १४ जानेवारी १९८०ला परकीय फौजा मागे घ्याव्यात असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १०४ विरुद्ध १८ मतांनी मंजूर झाला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. सोव्हिएत मैत्रीच्या त्या दिवसांत वाढलेल्या आपल्या पिढ्यांना अमेरिकी हात चटकन दिसतो, केजीबीचा हात दिसायला जरा वेळ लागतो.

पायरी ६: एका वादावर हात बसवा. स्टिंगर घ्या

सांगितली जाणारी गोष्ट अशी: रशियन हेलिकॉप्टरांपुढे मुजाहिद हतबल होते, अमेरिकेनं खांद्यावरून डागायचं स्टिंगर क्षेपणास्त्र दिलं आणि युद्ध फिरलं. २५ सप्टेंबर १९८६ला जलालाबादच्या विमानतळाजवळ गफ्फार नावाच्या कमांडरच्या तुकडीनं तीन एमआय-२४ हेलिकॉप्टरं पाडली, हा त्या गोष्टीचा मुकुटमणी.

आता पायरी १मधली तारखांची खूण काढा आणि सोव्हिएत बाजूच्या तारखा लावा. ऑक्टोबर १९८५: गोर्बाचेव्ह यांनी काबूलमधल्या सोव्हिएत पाठिंब्याच्या सरकारचे प्रमुख बब्रक करमाल यांना सांगितलं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आपल्या क्रांतीचं रक्षण आपणच करायला शिका. फेब्रुवारी १९८६: पक्षाच्या अधिवेशनात गोर्बाचेव्ह अफगाणिस्तानला 'भळभळती जखम' म्हणाले. मे १९८६: करमाल यांना हटवून नजीबुल्लांना आणलं. हे सगळं पहिलं स्टिंगर सुटण्याच्या आधीचं. नोव्हेंबर १९८६च्या बैठकीत गोर्बाचेव्ह यांनी एक-दोन वर्षांत बाहेर पडायची मुदत घातली, तेव्हा स्टिंगर येऊन जेमतेम दीड-दोन महिने झाले होते.

म्हणजे स्टिंगर निरुपयोगी? तसंही नाही. वैमानिक उंचावरून आणि रात्री उडायला लागले, जमिनीवरच्या सैनिकांना हवाई आधार कमी झाला, मुजाहिदांना धीर आला. पण 'स्टिंगरमुळे रशिया हरला' हे वाक्य तारखांच्या कसाला उतरत नाही. ते वाक्य सर्वांत जोरात कोण म्हणतं ते पाहा: ज्यांनी स्टिंगर मंजूर करून घेतलं ते. विल्सन यांच्या कार्यालयात वापरलेल्या स्टिंगरची नळी भिंतीवर लावलेली होती.

हाच प्रयोग तुम्ही दुसऱ्या कुठल्याही दाव्यावर करू शकता. दावा लिहा, दावा करणारा कोण ते लिहा, तारखा लिहा. बहुतेक वेळा चौथ्या ओळीची गरजच पडत नाही.

पायरी ७: आकडे

मिलियन-बिलियनचं कोटीत रूपांतर समासात करत चला, नाहीतर शून्यांत हरवाल. दहा मिलियन म्हणजे एक कोटी, एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. सोव्हिएत मृतांचा आकडा १५ हजारांच्या आसपास, हा बराचसा पक्का. अफगाण मृतांचा अंदाज दहा लाखांच्या घरात सांगितला जातो आणि तो अंदाजच आहे, कारण मोजायला कुणी नव्हतं. घरदार सोडून पाकिस्तानात आणि इराणात गेलेले पन्नास लाखांहून जास्त.

पायरी ८: कोण बोलत नाही ते पाहा

अमेरिकी अधिकारी निवृत्त झाले की लिहितात. पाकिस्तानी काही थोडे लिहितात. रशियाचे कागद सोव्हिएत संघ कोसळल्यावर काही काळ खुले झाले, मग दारं पुन्हा बंद होत गेली. केजीबीच्या दफ्तरखान्यातला वासिली मित्रोखिन हा अधिकारी हातानं उतरवलेली टिपणं घेऊन १९९२मध्ये ब्रिटनला गेला, म्हणून काही गोष्टी कळल्या. मुजाहिदांच्या वेषात फिरणाऱ्या, केजीबीनं तयार केलेल्या नकली टोळ्या ही त्यातलीच एक. आणि अमीन यांच्या शेवटच्या दिवसाची हकीकत. केजीबीनं जेवणात विष घातलं, ते न कळवल्यामुळे सोव्हिएत लष्करी डॉक्टरांनीच धावपळ करून अमीन यांना शुद्धीवर आणलं, आणि संध्याकाळी सोव्हिएत तुकडीनं राजवाड्यावर हल्ला चढवून त्यांना मारलं. त्या गोळीबारात एक सोव्हिएत डॉक्टरही गेला. गुप्तता शत्रूपासून असते असा समज असेल तर ही हकीकत पुन्हा वाचा.

सर्वांत कमी ऐकू येतो तो साध्या अफगाण माणसाचा आवाज. पक्षांचे नेते, कमांडर यांच्या मुलाखती सापडतात. ज्या गावावरून तांडा गेला आणि दुसऱ्या दिवशी ज्या गावावर बॉम्ब पडले, त्या गावातल्या बायका पुस्तकाच्या सूचीत नसतात. निर्वासित छावण्यांवरचं वेगळं लेखन शोधून जोडीला ठेवा. गुप्तचर इतिहासाचं एकच पुस्तक वाचाल तर हे युद्ध म्हणजे हुशार पुरुषांचा बुद्धिबळाचा डाव वाटेल.

ओसामा बिन लादेनबद्दल विचारणारच तुम्ही. सीआयएनं त्याला थेट पैसे किंवा शस्त्रं दिल्याचा पुरावा समोर आलेला नाही. त्याच्याकडे घरचा आणि अरब देणगीदारांचा पैसा होता. पॅलेस्टिनी धर्मगुरू अब्दुल्ला अज्जाम यांनी १९८४मध्ये पेशावरात काढलेल्या सेवा कार्यालयाद्वारे तो आत आला. पण ज्या कमांडरांच्या, विशेषतः हक्कानी आणि सय्याफ यांच्या, आश्रयानं अरब लढवय्ये वावरले त्यांना आयएसआयमार्फत अमेरिकी मालही मिळत होता. 'अमेरिकेनं लादेन निर्माण केला' आणि 'अमेरिकेचा काही संबंध नाही', ही दोन्ही वाक्यं आळशी आहेत.

पायरी ९: कागद कुठं मिळतात

घरबसल्या, फुकट. अमेरिकी परराष्ट्र खात्याचा इतिहास विभाग जुने दस्तऐवज खंडवार प्रसिद्ध करतो. कार्टर काळातल्या अफगाणिस्तानाचा स्वतंत्र खंड आहे. वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरच्या डिजिटल संग्रहात सोव्हिएत कागदांचे इंग्रजी अनुवाद आहेत. वर सांगितलेला फोन आणि 'अ'चा कागद तिथं वाचता येतो. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातली नॅशनल सिक्युरिटी अर्काइव्ह माहिती अधिकाराखाली मिळवलेले कागद संदर्भासह मांडते, नवख्यासाठी ही सर्वांत सोपी. सीआयएचं स्वतःचं वाचनालयही २०१७पासून संकेतस्थळावर शोधता येतं. तेहरानच्या अमेरिकी दूतावासात १९७९ला विद्यार्थी घुसले तेव्हा तुकडे केलेले कागद त्यांनी जोडून छापले. त्यातही अफगाणिस्तानवरच्या केबल आहेत. आपल्याकडे 'रॉ' माहिती अधिकाराच्या कायद्यातून वगळलेली आहे, त्यामुळे भारतीय बाजू अजून बखरींवरच चालते.

कागद उघडल्यावर पांढरे चौकोन दिसतील, शेजारी '२५एक्स१'सारखी खूण. ते काढून टाकलेले भाग. त्यांना घाबरू नका. चौकोन किती मोठा आहे आणि त्याच्या आधी-नंतर काय लिहिलंय ते पाहा. एखाद्या देशाचं नाव जिथं जिथं यायला हवं तिथं तिथंच चौकोन असेल, तर झाकणाऱ्यानं अर्धं सांगूनच टाकलेलं असतं. शोधताना नावांची दोन-तीन इंग्रजी स्पेलिंग करून बघा, मसूद आणि हिकमतयार तर चार प्रकारे लिहिलेले सापडतात. टिपण काढताना मात्र देवनागरीतच लिहा, उच्चार फारसी-उर्दूच्या जवळ राहतो.

पायरी १०: पुलावर थांबू नका

ग्रोमोव्ह यांनी पूल ओलांडला त्या दिवशी इस्लामाबादचे स्टेशन चीफ मिल्टन बेअरडन यांनी मुख्यालयाला दोन शब्दांची केबल पाठवली: आपण जिंकलो. अनेक पुस्तकं तिथं संपतात. तुम्ही पुढे वाचा. महिन्याभरात मुजाहिदांनी आयएसआयच्या आग्रहानं जलालाबादवर हल्ला केला आणि सपाटून मार खाल्ला. आज पडेल, उद्या पडेल म्हणत असलेलं नजीबुल्ला सरकार तीन वर्षं टिकलं, आणि पडलं ते मॉस्कोची मदत आटल्यावर. त्याआधी, १० एप्रिल १९८८ला, ओझरीचं कोठार पेटून रावळपिंडी-इस्लामाबादवर रॉकेट कोसळले होते, आणि त्याच वर्षी १७ ऑगस्टला बहावलपूरजवळ विमान पडून झिया, अख्तर आणि अमेरिकी राजदूत रेफेल एकत्र गेले. दोन्ही घटनांवर तर्ककुतर्क भरपूर सापडतील, त्यांना बखरीच्या खणात टाका.

मालाचा तो आडवा कागदही उलट दिशेनं एकदा भरा. अमेरिकेनं दोन हजारांहून जास्त स्टिंगर वाटले होते. युद्ध संपल्यावर ते विमानतळांजवळ कुणाच्या हाती लागतील या धास्तीनं सीआयएनं ते परत विकत घ्यायची मोहीम काढली आणि एकेका क्षेपणास्त्राला लाखाच्या आसपास डॉलर मोजले. ही खरेदी बरीचशी पुन्हा आयएसआयमार्फतच झाली. तरी १९९६च्या सुमाराला सहाशेच्या आसपास नगांचा पत्ता नव्हता.